मागाचा शाफ्ट आणि संगणकाची वेळ

सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांमधून जाताना यंत्रमागांची खटखट कानावर पडते. नवख्या माणसाला ती एकसुरी वाटते. पण मागाचे सगळे शहाणपण त्या एकसुरीपणातच आहे. चादर असो वा टॉवेल, विणताना तीन कामे ठरलेल्या क्रमाने व्हावी लागतात. ताण्याचे, म्हणजे उभे धागे वर-खाली होऊन मध्ये फट पडते. त्या फटीतून धोटा बाण्याचा, म्हणजे आडवा धागा घेऊन पलीकडे जातो. मग फणी पुढे येऊन तो धागा कापडाला ठोकून बसवते. धोटा पलीकडे पोहोचण्याआधीच फट मिटली, तर धोटा आत अडकतो आणि उभे धागे पुंजक्याने तुटतात. मग कामगाराने ते एकेक करून जोडत बसायचे. तेवढा वेळ माग बंद, म्हणजे तेवढी मजुरीही बंद.

ही तीन कामे एकमेकांच्या आड का येत नाहीत? कारण ती सगळी एकाच मुख्य शाफ्टला दातेरी चाकांनी आणि कॅमनी बांधलेली असतात. शाफ्टचा एक फेरा म्हणजे एक आडवा धागा. माग मिनिटाला १२० फेरे करतो असे धरले, तर एका फेऱ्याला अर्धा सेकंद मिळतो. त्या अर्ध्या सेकंदात कोणत्या कामाची पाळी केव्हा, हे लोखंडातच कोरून ठेवलेले असते. माग हळू चालला तर सगळी कामे मिळून हळू होतात, पण क्रम बिघडत नाही.

मागावर आणखी एक छोटी गंमत असते. आडव्या धाग्यावर नजर ठेवणारा एक काटा. फणी पुढे येते तेव्हा धागा जागेवर असेल तर तो काट्याला ढकलतो आणि काटा तिरका होतो. धागा तुटला असेल किंवा कांडी संपली असेल, तर काट्याला ढकलणारे कोणी नसते. तो तसाच राहतो, मागेपुढे हलणाऱ्या एका आकड्यात अडकतो, दांडी ओढली जाते आणि माग एक-दोन फेऱ्यांत थांबतो. विजेचा दिवाही न लागता घेतलेला हा निर्णय आहे. तो बरोबर आहे आणि वेळेवरही आहे.

या लेखात आम्ही ज्या विषयाची ओळख करून देणार आहोत, तो या काट्याचाच पुढचा अवतार आहे. काट्याची आणि कॅमची जागा संगणकाने घेतली की ‘वेळेवर’ या शब्दाची जबाबदारी कोणावर येते, हा आपला प्रश्न आहे.

शाफ्टपासून सुटलेली कामे

आधुनिक मागांमध्ये धोटा नसतो. एका प्रकारात हवेच्या झोताने आडवा धागा फटीतून पलीकडे फेकला जातो. असा माग मिनिटाला ६०० फेरेही सहज करतो. गणित करून पाहा. एका फेऱ्याला १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. फट पुरेशी उघडी असते ती त्यातला निम्म्याहून कमी काळ. समजा, ४० मिलिसेकंद. कापडाची रुंदी १.९ मीटर धरली, तर धाग्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४७ मीटर येतो. ताशी जवळजवळ १७० किलोमीटर!

हवेचा झोत सोडणाऱ्या झडपा एकामागून एक उघडाव्या आणि मिटाव्या लागतात. या झडपा शाफ्टला चाकांनी जोडलेल्या नसतात. त्या विजेवर चालतात आणि त्यांना हुकूम देतो एक छोटा संगणक. शाफ्टवर कोन मोजणारा एन्कोडर बसवलेला असतो. शाफ्ट आता किती अंशांवर आहे हे तो संगणकाला सतत सांगत राहतो. मिनिटाला ६०० फेरे असताना शाफ्ट एक अंश फिरायला सेकंदाच्या एक हजार भागांपैकी एक भागही लागत नाही, जेमतेम ०.२८ मिलिसेकंद लागतात. धागा पलीकडे पोहोचला की नाही हे एक संवेदक पाहतो, आणि पोहोचला नसेल तर माग थांबवण्याचा निर्णय काही मिलिसेकंदांत व्हावा लागतो.

म्हणजे पाहा, जुन्या मागात वेळ आणि काम यांची गाठ लोखंडाने बांधलेली होती. नव्या मागात ती गाठ सुटली. ती पुन्हा बांधायची आहे, पण या वेळी आज्ञावलीने, म्हणजे प्रोग्रॅमने.

असा संगणक टेबलावर नसतो. त्याला पडदा किंवा कळफलक असेलच असेही नाही. तो यंत्राच्या पोटात बसवलेला असतो आणि तेवढ्या एका यंत्राचे काम पाहतो. याला अंतःस्थापित संगणक म्हणतात. धुलाई यंत्र, विजेचा डिजिटल मीटर, मोटारीतले इंजिन आणि ब्रेक, रुग्णालयातला सलाईनचा पंप, लिफ्ट, या सगळ्यांच्या पोटात असे संगणक आहेत. अशा संगणकातली कामे ठरलेल्या वेळेत पार पाडण्यासाठी जी खास ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली जाते, तिला रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम किंवा आरटीओएस म्हणतात. मराठीत आपण तिला ‘वेळबद्ध कार्यप्रणाली’ म्हणू या.

वेगवान म्हणजे वेळेवर नव्हे

विद्यार्थ्यांना ‘रिअल टाइम म्हणजे काय?’ असे विचारले, की बहुतेकांचे उत्तर ‘एकदम फास्ट’ असे येते. हा गैरसमज दूर करायला एक छोटे उदाहरण पुरते. त्यासाठी वही आणि पेन्सिलच लागते. आकडे आम्ही हिशोबाला सोपे जावेत असे घेतले आहेत.

समजा, मागाच्या संगणकाला तीन कामे दिली आहेत.

काम क : धागा तुटला का ते पाहणे. दर १० मिलिसेकंदांनी करायचे. प्रत्येक वेळी २ मिलिसेकंद लागतात.

काम ख : ताण्याचा ताण मोजून तो ठीक करणे. दर २० मिलिसेकंदांनी करायचे. प्रत्येक वेळी ५ मिलिसेकंद लागतात.

काम ग : किती कापड विणले, माग किती वेळा थांबला, हे नोंदवून पडद्यावर दाखवणे. दर २०० मिलिसेकंदांनी करायचे. ६० मिलिसेकंद लागतात.

प्रत्येक काम त्याची पुढची पाळी येण्याआधी पुरे झाले पाहिजे, हा नियम.

आधी संगणकावर किती भार आहे ते पाहू. क साठी १० पैकी २, म्हणजे २० टक्के. ख साठी २० पैकी ५, म्हणजे २५ टक्के. ग साठी २०० पैकी ६०, म्हणजे ३० टक्के. एकूण ७५ टक्के. चौथा हिस्सा वेळ संगणक मोकळाच राहणार. मग अडचण कसली?

आता सर्वांत साधी आज्ञावली लिहू. आधी क, मग ख, मग ग, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका चक्राला २ + ५ + ६० = ६७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे धाग्याकडे एकदा पाहिल्यावर पुन्हा पाहायला ६७ मिलिसेकंद जातात. आपल्याला तर दर १० ला पाहायचे होते! मधल्या काळात धागा तुटला तर माग तसाच विणत राहील आणि कापडात दोष येईल. संगणकाला वेळ कमी पडला म्हणून नव्हे, तर तो पडदा रंगवण्यात गुंतला होता म्हणून.

‘मग वेगवान संगणक घ्या,’ असे कोणी म्हणेल. सहापट वेगवान घेऊ. चक्र ११ मिलिसेकंदांवर येईल. अजूनही १० च्या वरच! सातपट घेतला तर जेमतेम जमेल, पण मग तो जवळजवळ ९० टक्के वेळ रिकामा बसेल. आणि उद्या कारखानदाराने ‘हीच माहिती कार्यालयातल्या संगणकावर पण पाठवा’ असे सांगितले, की चक्र पुन्हा लांबेल आणि धागा पुन्हा निसटेल. वेगाने प्रश्न पुढे ढकलला जातो, सुटत नाही.

मध्येच उठवण्याची सोय

सोडवायचा कसा, हे शाळेच्या कार्यालयात पाहायला मिळते. लिपिक पगारपत्रक भरत बसले आहेत. तास संपला की घंटा देण्याचे कामही त्यांच्याकडेच आहे. घड्याळाचा काटा जागेवर आला की ते कितव्या ओळीपर्यंत आलो याची खूण करतात, उठून घंटा देतात, आणि परत येऊन त्याच ओळीपासून लिहू लागतात. पगारपत्रकाला थोडा उशीर होतो, पण ते संध्याकाळपर्यंत पुरे झाले तरी चालते. घंटा मात्र संध्याकाळी देऊन चालत नाही.

वेळबद्ध कार्यप्रणाली नेमके हेच करते. तिच्याकडे एक घड्याळ असते. ते ठरावीक अंतराने, पुष्कळदा दर मिलिसेकंदाला, प्रोसेसरला टोचणी देते. या टोचणीला व्यत्यय किंवा इंटरप्ट म्हणतात. बाहेरचे संवेदकही अशी टोचणी देऊ शकतात. टोचणी मिळाली की कार्यप्रणाली पाहते, की तयार असलेल्या कामांमध्ये सर्वांत वरच्या प्राधान्याचे काम कोणते. ते चालू कामापेक्षा वरचे असेल, तर चालू काम थांबवले जाते. ते कुठपर्यंत आले होते, त्याच्या हातात कोणते आकडे होते, हे सगळे स्मृतीत जपून ठेवले जाते. ही लिपिकाची खूण. मग वरचे काम सुरू होते. ते संपले की थांबवलेले काम होते तिथून पुढे चालू होते. ही अदलाबदल सहसा काही मायक्रोसेकंदांत होते, म्हणून आपल्या हिशोबात ती सोडून देऊ.

आता तीच तीन कामे या पद्धतीने करू. क ला पहिले प्राधान्य, ख ला दुसरे, ग ला शेवटचे. आलेख कागदावर एका ओळीत २० चौकोन घ्या. एक चौकोन म्हणजे एक मिलिसेकंद. तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. तिन्ही कामे एकदमच तयार झाली असे धरा, कारण तीच सर्वांत अडचणीची वेळ. चौकोन १ आणि २ क ला द्या. ३ ते ७ ख ला. ८ ते १० ग ला. दहा मिलिसेकंद झाले, क ची पाळी पुन्हा आली, म्हणून ११ आणि १२ क ला. १३ ते २० पुन्हा ग ला.

या २० चौकोनांत ग ला ३ अधिक ८, म्हणजे ११ मिळाले. अशा पाच ओळी काढल्या की ग चे ५५ होतात. राहिलेले ५ सहाव्या ओळीत, तीन पहिल्या तुकड्यात आणि दोन दुसऱ्या तुकड्यात. मोजून पाहा, ग चे काम ११४ व्या मिलिसेकंदाला पुरे होते. त्याला मुदत होती २०० ची. क नेहमी २ मिलिसेकंदांत होते आणि ख ७ मध्ये. संगणक तोच, वेग तोच, कामेही तीच. फक्त कोणाला केव्हा उठवायचे हे बदलले, आणि तिन्ही मुदती पाळल्या गेल्या.

हा हिशोब आठवी-नववीच्या वर्गात सहज करून घेता येतो. मुलांना ख चा वेळ ५ ऐवजी ८ करायला सांगा, किंवा ग ला पहिले प्राधान्य देऊन पाहायला सांगा. कुठे बिघडते, कुठे बिघडत नाही आणि का, हे त्यांना रंगांत दिसेल.

आधीच देता येणारी हमी

घरच्या संगणकाचीही ऑपरेटिंग सिस्टिम असते. तीही कामे थांबवते आणि चालू करते. मग फरक काय? तिचा हेतू असा, की सगळ्या कामांना बऱ्यापैकी वाटा मिळावा आणि सरासरीने काम लवकर व्हावे. एखादे पान उघडायला कधी जास्त वेळ लागला तर आपण चडफडतो, पण नुकसान होत नाही. वेळबद्ध प्रणालीला सरासरीशी फारसे कर्तव्य नाही. ती विचारते, सर्वांत वाईट परिस्थितीत किती उशीर होईल? दौंडला गाडी बदलणाऱ्या प्रवाशाला ‘आपली गाडी सरासरी पाचच मिनिटे उशिरा येते’ हे सांगून काय उपयोग? जास्तीत जास्त किती उशीर होतो, यावर त्याची पुढची गाडी अवलंबून असते.

असा सर्वांत वाईट उशीर आधीच काढता येतो, हे या शास्त्राचे वैशिष्ट्य आहे. १९७३ साली सी. एल. लिउ आणि जेम्स लेलँड यांनी एक सुंदर निष्कर्ष मांडला. ठरावीक अंतराने येणारी, एकमेकांवर अवलंबून नसलेली कामे असतील, प्रत्येकाची मुदत त्याच्या पुढच्या पाळीपर्यंत असेल, आणि ज्याची पाळी वारंवार येते त्याला वरचे प्राधान्य दिले असेल, तर एकूण भार एका मर्यादेच्या आत राहिला की सगळ्या मुदती नक्की पाळल्या जातात. दोन कामांना ही मर्यादा ८२.८ टक्के आहे, तीन कामांना सुमारे ७८ टक्के. कामे वाढत गेली की मर्यादा खाली येत जाते, पण ६९.३ टक्क्यांच्या खाली कधीच जात नाही. बारावीच्या विद्यार्थ्यांना ही संख्या ओळखीची वाटेल. ०.६९३ म्हणजे २ चा नैसर्गिक लॉगरिथम! आपला भार ७५ टक्के होता, ७८ च्या आत. म्हणजे चौकोन रंगवण्याआधीच उत्तर माहीत होते. मर्यादेच्या बाहेर गेले की मुदत चुकतेच असे नाही, पण मग चौकोन रंगवून खात्री करावी लागते.

मुदत चुकली तर काय होते, यावरून कामांचे दोन वर्ग करतात. ठोर मुदत आणि सैल मुदत असे म्हणू. दूरदर्शन संचावर एखादे चित्र उशिरा आले तर डोळ्यांना जरा खटकते. ती सैल मुदत. मोटारीच्या टकरीनंतर हवेची पिशवी एका सेकंदाने उघडली तर ती न उघडल्यासारखीच. ती ठोर मुदत. मुंबई-चेन्नई लोहमार्ग सोलापुरातून जातो. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ३० मीटरहून अधिक अंतर कापते. भारतीय रेल्वेची ‘कवच’ यंत्रणा रुळांमधल्या खुणा वाचते, रेडिओवरून सिग्नलची स्थिती घेते, आणि गरज पडल्यास स्वतः ब्रेक लावते. तिथे ‘बरोबर उत्तर, पण उशिरा’ हे चुकीचेच उत्तर ठरते.

कपाटाची किल्ली

इथवर वाचून वाटेल, की प्राधान्ये ठरवली की काम झाले. पण कामे एकमेकांपासून अगदी अलग क्वचितच असतात. धागा पाहणारे काम क आणि नोंदी ठेवणारे काम ग, दोघांनाही एकच नोंदवही लागते असे समजा. दोघांनी एकदम लिहिले तर आकड्यांचा गोंधळ होईल. म्हणून वहीला कुलूप. ज्याच्याकडे किल्ली तो लिहील, दुसरा थांबेल.

आता पुन्हा शाळेत जाऊ. शिपाईमामांनी कपाट उघडले आहे आणि किल्ली त्यांच्याकडे आहे. तेवढ्यात मुख्याध्यापकांना कपाटातला कागद तातडीने हवा आहे. मामांचे काम मिनिटभरात संपणार, म्हणून मुख्याध्यापक थांबतात. पण इतक्यात लिपिक मामांना बाहेरच्या एकामागून एक कामांना पाठवतात. लिपिकांना कपाट नकोच आहे, पण त्यांचा शब्द मामांना मोडता येत नाही. परिणाम असा, की मुख्याध्यापक लिपिकांच्या कामांसाठी खोळंबून बसतात, आणि ते का खोळंबले हे लिपिकांना ठाऊकही नसते! मधल्या प्राधान्याच्या कामाने वरच्या कामाला अडवले. याला प्राधान्याची उलटापालट म्हणतात.

हे मंगळावर प्रत्यक्ष घडले. अमेरिकेचे ‘पाथफाइंडर’ यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. त्यावर व्हीएक्सवर्क्स नावाची वेळबद्ध कार्यप्रणाली होती. काही दिवसांतच यानावरचा संगणक मधूनमधून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. त्या दिवसाची उरलेली कामे मग तशीच राहत. कारण शोधले तेव्हा आढळले, की हवामानाच्या नोंदी घेणाऱ्या खालच्या प्राधान्याच्या कामाकडे एक किल्ली असे. यानातल्या माहितीची ने-आण सांभाळणाऱ्या वरच्या कामाला तीच किल्ली हवी असे. आणि मधल्या प्राधान्याची दळणवळणाची लांबलचक कामे हवामानाच्या कामाला पुढे सरकू देत नसत. वरचे काम वेळेत झाले नाही हे पाहून यानातली पहारा ठेवणारी यंत्रणा ‘काहीतरी बिघडले’ असे समजून संगणक नव्याने सुरू करीत असे.

उपाय सोपा आहे. मामांकडे किल्ली आहे आणि मुख्याध्यापक वाट पाहत आहेत, तोवर मामांचे काम हे मुख्याध्यापकांचेच काम समजायचे. लिपिकांनी त्यांना मध्ये उठवायचे नाही. किल्ली परत केली की मामा पुन्हा आपल्या जागी. याला प्राधान्याचा वारसा म्हणतात. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० साली या उपायाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला होता. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होतीच, फक्त त्या किल्लीसाठी ती बंद ठेवली गेली होती. पृथ्वीवरून संदेश पाठवून ती चालू केली आणि त्रास थांबला.

भार पेलवेनासा झाला तर?

दुसरी गोष्ट चंद्रावरची. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे यान उतरत असताना त्याच्या संगणकाने ‘१२०२’ अशी धोक्याची सूचना दिली. त्याचा अर्थ, कामे इतकी साचली आहेत की नव्या कामाला जागा नाही. उतरण्यासाठी गरज नसलेल्या एका रडारकडून येणारे संकेत संगणकाचा वेळ खात होते. पण ती कार्यप्रणाली लिहिणाऱ्यांनी अशा प्रसंगाचा विचार आधीच केला होता. संगणक क्षणात नव्याने सुरू झाला, यान सावरण्याची आणि इंजिनाची कामे त्याने होती तिथून पुढे चालू केली, आणि कमी महत्त्वाची कामे सोडून दिली. हे काही वेळा घडले, आणि यान सुखरूप उतरले.

कोणते काम सोडून द्यायचे हे त्या संगणकाने स्वतः ठरवले नव्हते. ते माणसांनी महिनोन्महिने विचार करून ठरवले होते. आपल्या मागाच्या उदाहरणातही हेच आहे. धागा पाहण्याचे काम वर आणि उत्पादनाचा आकडा खाली, हा क्रम कार्यप्रणाली देत नाही. ती फक्त दिलेला क्रम पाळते. एखाद्याने पडद्यावरचा आकडा वर ठेवला, तर ती तोही तितक्याच इमानाने पाळील. दोष आलेल्या कापडाचा भुर्दंड शेवटी मागावरच्या माणसावर येऊ शकतो, आणि त्याचा हात यंत्राजवळ असतो. म्हणून तातडीने थांबवण्याचे बटण सहसा फक्त आज्ञावलीच्या भरवशावर ठेवत नाहीत. ते थेट तारांनी वीजप्रवाह तोडते. झडपा उघडण्यासारखी अति सूक्ष्म वेळेची कामेही पुष्कळदा कार्यप्रणालीकडे न देता चिपमधल्या स्वतंत्र टायमरवर सोपवतात. कुठे आज्ञावली पुरेशी आहे आणि कुठे नाही, हे ओळखणे हाही या शास्त्राचा भाग आहे.

शाळेत काय करता येईल?

वेळबद्ध कार्यप्रणाली म्हणजे काही अवाढव्य वस्तू नव्हे. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘फ्री आरटीओएस’चा गाभा दहा किलोबाइटच्या आसपास जागेत मावतो, तो विनामूल्य आहे, आणि त्याची आज्ञावली कोणालाही वाचता येते. काहीशे रुपयांना मिळणाऱ्या ईएसपी-३२ या बोर्डवर तो चालतो. ज्या शाळेत असा बोर्ड आहे, तिथल्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना दोन दिवे दोन वेगळ्या गतींनी लुकलुकवायला सांगावे. आधी एकामागून एक चालणाऱ्या साध्या आज्ञावलीने, आणि मग दोन स्वतंत्र कामे करून. त्यात एक लांबलचक बेरीज करणारे तिसरे काम घातले, की पहिल्या पद्धतीत दिवे अडखळतील. दुसऱ्या पद्धतीत, बेरजेला खालचे प्राधान्य दिले असेल तर, ते ठेका सोडणार नाहीत.

बोर्ड नसेल तर आलेख कागद आहेच. आणि कारखाना जवळ असेल तर अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या एखाद्या मालकाची परवानगी काढून मुलांना माग दाखवावा. तिथे त्यांनी एक यादी करावी : यंत्रातली कोणती कामे चालू आहेत, प्रत्येक काम किती वेळाने येते, आणि त्याला किती उशीर चालेल. तिसऱ्या रकान्याचे उत्तर त्यांना यंत्राकडे पाहून मिळणार नाही. त्यासाठी मागावर काम करणाऱ्यांनाच विचारावे लागेल. कार्यप्रणाली लिहिणारा अभियंताही सुरुवात तिथूनच करतो.